हलसूरच्या काठावर उलट्या पाण्याची गोष्ट

बंगळूरला जाणाऱ्या मराठी कुटुंबाचा कार्यक्रम बहुधा ठरलेला असतो. लालबाग, कब्बन पार्क, बाहेरूनच विधानसौध, बसवनगुडीचा भला थोरला नंदी, एखादी रेशमी साडी आणि जाता-येता डोसा-कॉफी. हलसूरचा तलाव या यादीत असलाच तर अगदी शेवटी, परतीच्या गाडीला दोन तास उरले तर. खरे म्हणजे तो महात्मा गांधी रस्त्यापासून जवळच आहे. हलसूर मेट्रो स्थानकावर उतरले की पायी जाता येते. साहेबाच्या जिभेला 'हलसूर' पेलले नाही म्हणून त्याचे 'अल्सूर' झाले आणि पाट्यांवर आजही दोन्ही नावे गुण्यागोविंदाने नांदतात. 'हलसु' म्हणजे कन्नडमध्ये फणस. एके काळी इथे फणसाची बाग होती म्हणून हे नाव पडले असे सांगतात. आता फणस शोधावा लागतो.

तलावाभोवती लोखंडी कठडा आहे, सावली देणारी झाडे आहेत, केन्सिंग्टन रस्त्याच्या बाजूला पांढराशुभ्र गुरुद्वारा आहे. पाण्यात मधूनमधून लहान लहान बेटे आहेत आणि त्यांवर बगळ्या-पाणकावळ्यांची वस्ती. सकाळी फिरायला येणाऱ्या पेन्शनरांची गर्दी असते. वारा पडलेला असला की वासही येतो, तो लपवण्यात अर्थ नाही. पण वारा असेल आणि नशीब असेल तर पलीकडच्या काठावरून एकापाठोपाठ एक पांढरी शिडे निघालेली दिसतात. बरोबर लहान मूल असेल तर ते हमखास विचारते, "इथे समुद्र कुठे आहे?"

प्रश्न रास्त आहे. बंगळूर समुद्रसपाटीपासून सुमारे 900 मीटर उंचीवर वसलेले. जवळात जवळचे बंदर गाठायचे तर शेकडो किलोमीटर घाट उतरावा लागतो. शहराला म्हणावी अशी मोठी नदीही नाही. असे असताना इथे शिडाच्या होड्या चालवायला शिकवतात आणि इथल्या काठावरच्या क्लबाला जे नाव आहे ते सबंध पृथ्वीला वळसा घालून आलेल्या एका होडीचे.

तलावाच्या त्या अंगाला लष्कराचे आवार आहे. मद्रास इंजिनियर ग्रुप अर्थात मद्रास सॅपर्सचे ते घर. हे दल 1780 सालचे, स्थापना मद्रासेतली. पुढे एकोणिसाव्या शतकात ते बंगळूरला आले आणि इथलेच झाले. पूल बांधणे, सुरुंग काढणे, नदी ओलांडायची सोय करणे हे सॅपर्सचे काम, त्यामुळे पाण्याशी त्यांचे जन्माचे नाते. होडी हाकता येत नाही असा सॅपर कसा चालेल? तलाव दाराशीच असल्याने शिडाची होडी आलीच. 'तृष्णा सेलिंग क्लब' असे इथल्या क्लबाचे नाव. देशातल्या शिडाच्या शर्यतींत ते नेहमी दिसते.

ही तृष्णा कोण? ती 37 फुटी शिडाची होडी. लष्कराच्या इंजिनियर्स दलाच्या अधिकाऱ्यांनी के. एस. राव यांच्या नेतृत्वाखाली सप्टेंबर 1985 मध्ये ती मुंबईहून हाकारली आणि जानेवारी 1987 मध्ये पृथ्वीप्रदक्षिणा करून मुंबईलाच आणली. शिडाच्या होडीतून जगाला वळसा घालणारी ही पहिली भारतीय मोहीम. टपाल खात्याने तिच्या गौरवार्थ तिकीटही काढले. त्या वेळी तिकिटे जमवणाऱ्या मुलांच्या वहीत ते असेल. आज ती मुले पन्नाशीला टेकली आहेत.

37 फूट म्हणजे किती? मुंबईच्या बेस्ट बसपेक्षा थोडेसेच जास्त. एवढ्या जागेत माणसे, शिधा, पाणी, शिडे, दोर आणि पायऱ्यांखाली एका पेटीत बसवलेले डिझेल इंजिन. बऱ्याच जणांना हे ऐकून नवल वाटते. शिडाच्या होडीला इंजिन कशाला? तर बंदरात शिरताना, अरुंद खाडीतून निघताना, वारा पडला असताना आणि सर्वांत महत्त्वाचे म्हणजे बॅटऱ्या भरायला. दिवे, रेडिओ, दिशा दाखवणारी यंत्रे, सुकाणू आपोआप सांभाळणारे यंत्र, सगळे बॅटरीवर चालते. इंजिन गेले की होडी बुडत नाही, पण ती आंधळी आणि मुकी होते. आणि वारा खडकांकडे ढकलत असेल तर त्या वेळी इंजिन सुरू होणे न होणे हा जिवाचा प्रश्न असतो.

आता गंमत अशी की हे इंजिन नादुरुस्त होते ते पुष्कळदा चालताना नव्हे, तर बंद असताना. तेही पाण्यामुळे. बाहेर फेकायचे पाणी उलट फिरून पोटात शिरते. हलसूरच्या तलावावरच्या चिमुकल्या होड्यांना इंजिन नसते, पण इथून शिकून समुद्रावर जाणाऱ्याला हे उलट पाणी ओळखावेच लागते.

ते समजायला आधी इंजिनचा धूर कसा बाहेर जातो ते पाहावे लागेल. मोटारीच्या सायलेन्सरला हवा लागते म्हणून तो गाडीखाली उघडा ठेवून भागते. होडीत इंजिन माणसांच्या पायाशी, लाकडाच्या आणि फायबरच्या पेटीत. निघणारा धूर तीन-चारशे अंश सेल्सियसपर्यंत तापलेला. असा पाईप होडीच्या पोटातून उघडा नेला तर आगच लागायची. म्हणून युक्ती अशी केलेली असते: समुद्राचे पाणी बुडातल्या एका नळातून आत घ्यायचे, रबरी पात्यांच्या पंपाने इंजिनभोवती फिरवून उष्णता काढायची आणि शेवटी तेच पाणी धुराच्या पाईपमध्ये सोडायचे. धूर एका झटक्यात थंड होतो, इतका की पुढचा पाईप साध्या जाड रबराचा चालतो. धूर आणि पाणी मिळून होडीच्या पिछाडीतून 'फूत फूत' करत पिचकारीसारखे बाहेर पडतात. इंजिन सुरू केले की जाणता माणूस आधी मागे वाकून ही पिचकारी पाहतो. ती दिसली नाही तर लगेच इंजिन बंद.

अडचण पुढे आहे. बहुतेक होड्यांत इंजिन खाली, पाण्याच्या पातळीच्या आसपास किंवा तिच्याही खाली असते. बाहेर जायचे तोंड मागे, पाण्याच्या जरा वर. म्हणजे पाणी मिसळलेला धूर आधी वर चढवायचा आणि मग बाहेर सोडायचा. यासाठी इंजिनच्या खालच्या अंगाला एक डबा बसवतात. त्याला वॉटरलॉक म्हणतात. पाणी त्यात साचते, धुराचा दाब त्याला वर ढकलतो आणि ते बाहेर जाते. इंजिन चालू आहे तोवर सगळे सुरळीत. इंजिन बंद झाले की दाब संपला आणि पाईपमध्ये अडकलेले पाणी खाली डब्यात परतले. त्यात काही बिघडत नाही, डबा त्यासाठीच आहे. मात्र तो एवढा मोठा हवा की परतलेले सगळे पाणी त्यात मावून वर जागा उरावी. इथे शंभर रुपये वाचवायला लहान डबा बसवला की पुढे लाखाचे इंजिन जाते.

पाणी उलट येण्याच्या वाटा तीन-चार आहेत. पहिली सायफनची. शाळेत शिकलेला सायफन सगळ्यांना आठवत नसेल, पण रॉकेलच्या डब्यात नळी घालून तोंडाने ओढणारे वडील किंवा काका पुष्कळांनी पाहिले आहेत. एकदा धार लागली की ती आपली आपण चालू राहते, खालचे भांडे भरेपर्यंत. होडीत नेमके हेच होते. इंजिन बंद केले तरी नळीत पाणी भरलेले असते. बाहेर अख्खा समुद्र, आत रिकामा पाईप. पंपाची रबरी पाती झिजलेली असतील तर त्यांच्या फटीतून पाणी हळूहळू येतच राहते. डबा भरतो, पाईप भरतो आणि रात्री सगळे झोपलेले असताना पाणी इंजिनच्या सिलिंडरमध्ये उतरते. आवाज नाही, वास नाही. सकाळी स्टार्टरची कळ दाबली की 'टक्' असा एकच आवाज येतो आणि इंजिन जागचे हलत नाही.

हवा दाबली जाते, पाणी दाबले जात नाही. पिस्टन वर जाऊ बघतो, वर पाणी. स्टार्टरने जोर लावला तर एक तर स्टार्टर जळतो किंवा कनेक्टिंग रॉड वाकतो. त्यातून ते खारे पाणी. दोन दिवस तसेच राहिले तर आतल्या गुळगुळीत भिंतींवर गंज चढून पिस्टनच्या रिंगा चिकटतात.

सायफनवरचा उपाय शाळकरी पोरही सांगेल: नळीच्या वरच्या टोकाला भोक पाडा, हवा शिरली की धार तुटली. तेच करतात. पंपाकडून येणारी नळी आधी उंच नेऊन उलट्या यू आकारात खाली आणतात आणि त्या बाकाच्या माथ्यावर एक छोटी झडप ठेवतात. पाणी दाबाने येत असताना झडप बंद, दाब संपला की ती उघडून हवा आत घेते. धूर आणि पाणी जिथे मिसळतात ती जागा पाण्याच्या पातळीपेक्षा 15 ते 20 सेंटिमीटरही वर नसेल, तर हा बाक हवाच. त्याचा माथा पाण्यापासून निदान 30 ते 40 सेंटिमीटर उंच आणि शक्यतो होडीच्या मधोमध ठेवतात. मधोमध अशासाठी की शिडाची होडी वाऱ्याने एका कुशीवर कलते. कडेला ठेवलेला उंच बाक कललेल्या होडीत सरळ पाण्याच्या पातळीला येतो आणि मग त्याचा काही उपयोग राहत नाही. कागदावरच्या आकृतीत हे दिसत नाही. तिथे होडी नेहमी सरळ उभी असते.

आणि ती झडप म्हणजे सबंध व्यवस्थेतला सर्वांत स्वस्त आणि सर्वांत दुर्लक्षित भाग. खाऱ्या पाण्याचे मीठ तिच्यात साखळते आणि ती चिकटून बसते. उघडी चिकटली तर इंजिनच्या पेटीत खारे तुषार उडतात, निदान कळते तरी. बंद चिकटली तर काहीच कळत नाही. वर्षातून एक-दोनदा ती काढून गोड्या पाण्याने धुवायची, एवढेच काम आहे. म्हणूनच ते राहून जाते. काही जाणकार झडप ठेवतच नाहीत. तिथून एक बारीक नळी काढून होडीच्या बाहेर सोडतात. नळीतून बारीक धार पडताना दिसली की पाणी फिरते आहे याचीही खात्री पटते.

दुसरी वाट घाईची. इंजिन सुरू होत नाही, बॅटरी बसत चालली आहे, माणूस पुन्हा पुन्हा स्टार्टर मारतो. प्रत्येक वेळी पंप थोडे पाणी आत ढकलतोच. धूर नसल्याने ते बाहेर फेकले जात नाही, डब्यात साचत राहते. आठ-दहा प्रयत्नांत डबा काठोकाठ. शेवटी डिझेलची काहीच तक्रार नव्हती, पण इंजिन मात्र बुडाले, असे होते. म्हणून नियम आहे: दोन-तीनदा प्रयत्न करून इंजिन सुरू झाले नाही तर बुडातला पाण्याचा नळ बंद करा, डब्याच्या तळचा स्क्रू काढून पाणी सोडा आणि मग पुढचे बघा. मात्र इंजिन सुरू होताच नळ त्याच क्षणी उघडायला हवा, नाही तर पंपाची रबरी पाती कोरडी फिरून मिनिटाभरात जळतात. हा विसर टाळायला दर्यावर्दी लोक एक साधी गोष्ट करतात. नळ बंद केला की इंजिनची किल्ली त्या नळाच्या दांड्यालाच अडकवून ठेवतात. किल्ली घ्यायला गेले की नळ आठवतो. घरोघरी गॅसचा कॉक आणि कुलपाची किल्ली यांची अशीच जोडी लावणाऱ्या गृहिणी असतात. त्यांना हे वेगळे समजावून सांगायला नको.

तिसरी वाट लाटांची. समुद्र मागून चाल करून येत असेल तर प्रत्येक लाट पिछाडीवर आदळते आणि धुराच्या तोंडातून पाणी आत रेटते. यासाठी बाहेर जाणारा रबरी पाईपही आधी वर नेऊन हंसाच्या मानेसारखा वळवतात आणि मग खाली तोंडाशी आणतात. लाटेला ती मान चढून जाता आले नाही तर पाणी मागे फिरते. स्वयंपाकघराच्या बेसिनखालचा बाकदार पाईप वास अडवतो, त्याचाच हा उलटा भाऊ. तोंडाशी रबराची झडपही लावतात, पण काजळी आणि मीठ बसले की ती नीट मिटत नाही. कुणी तोंडाला पक्का नळच बसवतात आणि वादळात तो बंद करतात. तो उघडायचा राहून इंजिन सुरू केले तर काय होईल ते सांगायला नकोच. झडपा हव्यातच, पण भिस्त ठेवायची ती उंचीवर. झडप चिकटते, फाटते, विसरली जाते. पाईपची उंची आहे तिथेच राहते.

या तिसऱ्या वाटेचे गांभीर्य दक्षिणेकडच्या महासागरात कळते. तिथे पश्चिमेचा वारा बारमाही घोंघावतो आणि पूर्वेकडे निघालेल्या होडीच्या मागे डोंगराएवढ्या लाटा लागतात. कमांडर दिलीप दोंदे 'म्हादेई' घेऊन याच मार्गाने गेले. 19 ऑगस्ट 2009 रोजी मुंबईहून निघून 19 मे 2010 रोजी ते मुंबईला परतले. एकट्याने शिडावर पृथ्वीप्रदक्षिणा करणारे ते पहिले भारतीय. फ्रीमँटल, लिटलटन, पोर्ट स्टॅन्ली आणि केपटाउन या चार ठिकाणी ते थांबले. मोहिमेमागे व्हाइस ॲडमिरल मनोहर आवटी यांचा ध्यास होता आणि 56 फुटी म्हादेई बांधली ती गोव्यात दिवाड बेटावर रत्नाकर दांडेकर यांच्या कारखान्यात. दोंदे, आवटी, दांडेकर! मराठी माणूस समुद्राकडे पाठ फिरवून बसला आहे असे म्हणणाऱ्यांनी ही तीन नावे लक्षात ठेवावीत. पुढे त्याच म्हादेईवर अभिलाष टॉमी 1 नोव्हेंबर 2012 ला मुंबईहून निघाले आणि कुठेही न थांबता 31 मार्च 2013 ला परत आले. अशा न थांबता केलेल्या प्रदक्षिणेत इंजिनच्या जोरावर होडी हाकायला मनाई असते, ते बॅटऱ्या भरण्यापुरतेच चालवायचे. म्हणजे इंजिन रोज तास-दोन तास चालणार, होडी त्या वेळी शिडावर कललेली, मागून लाटा आदळताहेत आणि तास संपला की इंजिन पुन्हा बंद. उलट पाण्याला याहून सोयीची वेळ कोणती?

एवढे करूनही पाणी शिरलेच तर? पहिली गोष्ट म्हणजे स्टार्टरला हात लावायचा नाही. बाहेरचा नळ बंद करायचा, डबा रिकामा करायचा, सिलिंडरवरचे इंजेक्टर काढायचे आणि इंजिन हाताने हळूहळू फिरवायचे. आतले पाणी त्या भोकांतून फसफसून बाहेर पडते. मग थोडे तेल आत सोडून पुन्हा फिरवायचे. इंजिनचे तेल दुधाळ झाले असेल तर पाणी तिथवर पोचले असे समजायचे. ते तेल बदलायचे, इंजिन थोडे चालवायचे, पुन्हा बदलायचे, दुधाळपणा जाईपर्यंत. हे सगळे हलत्या होडीत, डोके खाली करून, डिझेलच्या वासात. आणि पहिल्या काही तासांत. उद्या करू म्हटले की गंजाचा दिवस सुरू झाला.

हलसूरच्या काठावर उभे राहून हे सगळे फार दूरचे वाटते. पण पाण्याला उलट फिरू द्यायचे नाही ही विद्या या शहराच्या पायातच आहे. केंपेगौडांनी 1537 साली बंगळूर वसवले तेव्हापासून इथली तहान तलावांवर भागत आली. नदी नाही म्हणून दरीदरीत बांध घालून तळी केली, एकाखाली एक. कन्नडमध्ये तलावाला 'केरे' म्हणतात, त्याच्या सांडव्याला 'कोडी', पाणी सोडायच्या मोरीला 'तूबु' आणि एका तलावाचे पाणी दुसऱ्यात नेणाऱ्या मोठ्या नाल्याला 'राजकालुवे'. वरच्या तळ्याचा सांडवा खालच्या तळ्याच्या पाण्यापेक्षा उंच ठेवायचा, म्हणजे पाणी कितीही वाढले तरी एकाच दिशेने जाते. इथेही भिस्त उंचीवरच. शहाजीराजे 1638 नंतर जहागिरीच्या निमित्ताने इथे राहिले, त्यांचे पुत्र व्यंकोजी इथेच वाढले. त्यांनी पाहिलेले बंगळूर असे तळ्यातळ्यांचे होते. 1687 मध्ये ते आधी मोगलांकडे आणि तिथून म्हैसूरच्या चिक्कदेवराज वाडियारांकडे गेले. मराठे गेले, पण त्यांच्या मागे राहिलेल्या कुटुंबांची कन्नडात मिसळलेली मराठी जुन्या पेठेत अजून कानावर पडते. हलसूर तलावाजवळ केंपेगौडांच्या नावाने ओळखल्या जाणाऱ्या चार टेहळणी बुरुजांपैकी एक आहे, तोही पाहण्यासारखा. तलावाच्या आजच्या रूपाचे श्रेय मात्र एकोणिसाव्या शतकातले कमिशनर बाउरिंग यांना देतात.

हलसूरचे जादा पाणी पुढे दरीने बेळंदूरकडे जाते. बेळंदूर म्हणजे फेसाळणारे आणि चक्क पेट घेणारे तळे म्हणून जगभर नाव गेलेला तलाव. मधल्या काळात राजकालुवे अरुंद झाले, काहींवर इमारती आल्या, दरीच्या तळाला काचेच्या कचेऱ्या उभ्या राहिल्या. सप्टेंबर 2022 मध्ये पाऊस कोसळला तेव्हा पुढे जायला वाट न मिळालेले पाणी मागे फिरले. कोट्यवधींच्या बंगल्यांतून लोकांना ट्रॅक्टर आणि होड्यांतून बाहेर काढावे लागले. संगणक अभियंते ट्रॅक्टरच्या ट्रॉलीत उभे राहून कचेरीला निघाल्याची छायाचित्रे तेव्हा सगळीकडे छापून आली. तळघरात पाणी शिरते ते दारातूनच असे नाही, न्हाणीघराच्या जाळीतून आणि संडासातूनही उलटे येते. तेव्हापासून पुष्कळ घरमालकांना प्लंबरच्या तोंडचा 'नॉन-रिटर्न व्हॉल्व्ह' हा शब्द पाठ झाला आहे. होडीच्या धुरासाठी लावतात त्याच जातीची ती झडप. तीही कचरा अडकून उघडी राहते, तीही वर्षातून एकदा साफ करावी लागते आणि तीही कुणी करत नाही.

मुंबईकरांनी यावर हसू नये. मुंबईच्या पावसाळी नाल्यांची कितीतरी तोंडे भरतीच्या पाण्याखाली जातात, म्हणजे शहर हीच एक धुराचे तोंड पाण्याखाली असलेली होडी. 26 जुलै 2005 ला सांताक्रूझला एका दिवसात 944 मिलिमीटर पाऊस झाला, तेव्हा ते सगळ्यांना कळले. त्यानंतर हाजीअली, इर्ला, वरळीचे लव्हग्रोव्ह अशा ठिकाणी मोठाले पंप बसले. भरतीला दरवाजे बंद, आणि आतले पाणी पंपाने बाहेर.

हलसूरलाही उलट्या पाण्याचा फटका बसलाच आहे. तळे पावसाच्या पाण्यासाठी केलेले, पण त्यात नाल्यांतून सांडपाणी येऊ लागले. मार्च 2016 मध्ये इथे हजारो मासे मरून तरंगले. उन्हाने तापलेले, प्राणवायू संपलेले पाणी. जलपर्णी मधूनमधून इतकी माजते की होडी तिच्यात रुतावी. ज्या पाण्यात पोरे होडी उलटी करून पुन्हा सरळ करायचा सराव करतात, त्या पाण्याची ही अवस्था. आणि होडी उलटल्याशिवाय शिडाची विद्या येत नाही. नाकातोंडात पाणी जाणारच. समुद्रावरचे पदक मिळवून देणाऱ्या तळ्याला निदान मलमुक्त ठेवणे एवढे तरी या संगणकनगरीला जमायला हरकत नसावी.

तरीही शिकणारे शिकतात. लहान मुलांची होडी 'ऑप्टिमिस्ट' नावाची, जेमतेम 2.3 मीटर लांब, एकाच शिडाची, पुढून कापल्यासारखी दिसणारी. मोठ्यांसाठी 4 मीटरहून थोडी लांब 'लेझर', तिचे नाव आता आयएलसीए. झाडांवरून, इमारतींच्या फटींतून आणि बेटांना वळसे घालून येणारा वारा इथे दर मिनिटाला दिशा बदलतो. समुद्रावर तो तासन् तास एकसारखा वाहतो. तळ्यावर शिकलेला माणूस म्हणूनच वाऱ्याची चाहूल लवकर घेतो असे शिडाच्या खेळातले लोक मानतात. शेजारी घरघरत फिरणाऱ्या सुरक्षा-होडीच्या आउटबोर्ड इंजिनचा धूरही पाण्याबरोबर पाण्याखालीच सोडलेला असतो, मात्र त्याचे इंजिन पार वर, पिछाडीवर टांगलेले. पाणी तिथवर चढत नाही. उंचीचाच न्याय पुन्हा.

उलट पाण्याचा पहिला धडाही इथेच मिळतो, इंजिनशिवाय. पुष्कळशा डिंगींच्या तळाला पाणी काढण्यासाठी एक लहान झडप असते. होडी वेगात धावू लागली की ती उघडायची, खालून वाहणारे पाणी आतले पाणी आपोआप ओढून घेते आणि पाय कोरडे होतात. नवशिक्या खूश होतो. मग वारा पडतो, होडी मंदावते आणि त्याच भोकातून तळे शांतपणे आत यायला लागते. काठावरून कुणीतरी ओरडते, झडप बंद कर म्हणून. तोवर पाणी घोट्यापर्यंत आलेले असते.

तळे पाहायला जायचे तर सकाळी लवकर किंवा उन्हे उतरल्यावर जावे. लष्कराच्या आवारात परवानगीशिवाय जाता येत नाही, पण केन्सिंग्टन रस्त्याच्या कठड्यावरून शिडे चांगली दिसतात. गुरुद्वाऱ्यात लंगर असतो. हलसूरच्या बाजारातले सोमेश्वराचे जुने मंदिर तिथून जवळ आहे, त्याचे गोपुर आणि आतले कोरीव खांब पाहण्यासाठी तासभर राखून ठेवावा. संध्याकाळी होड्या काठावर ओढल्या जातात, शिडे गुंडाळतात, डोलकाठ्या उतरवतात. मग एकेका होडीच्या पिछाडीचे बूच काढून तिची नाळ उचलली जाते आणि दिवसभरात आत आलेले हलसूरचे पाणी बारीक धारेने पुन्हा हलसुरात जाते.